जतन केलेले डेबिट कार्ड काढून टाकताना: सुरुवात बँकेच्या यादीपासून

ऑनलाइन पैसे भरताना पडद्याच्या तळाशी एक लहानसा चौकोन असतो आणि त्याच्यापुढे 'पुढच्या वेळेसाठी हे कार्ड जतन करा' अशा अर्थाचे वाक्य असते. घाईत आपण तिथे खूण करतो, किंवा खूण आधीच केलेली असते आणि ती काढण्याचे राहून जाते. चार-पाच वर्षांत किराणा, औषधे, नाटकाची तिकिटे, मुलांची शिकवणी, मोबाइलचे रिचार्ज अशा कितीतरी ठिकाणी तेच एक डेबिट कार्ड जतन होऊन बसते. ते कोठे कोठे आहे हे आठवून लिहून काढा म्हटले, तर बहुतेकांची यादी निम्म्यावरच थांबेल. म्हणूनच एकेक ॲप उघडून कार्ड शोधत बसण्याची प्रचलित पद्धत मला उलटी वाटते. आधी बँकेकडची यादी पाहावी, त्यानंतर आपोआप होणाऱ्या कपाती थांबवाव्यात आणि मगच ॲपमधले कार्ड काढावे. या क्रमाने गेल्यास काम एका बैठकीत होते आणि नंतरचे आश्चर्याचे धक्के टळतात.

कार्ड 'जतन' असते म्हणजे नेमके काय असते, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या ऑनलाइन दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक आपल्याकडे साठवून ठेवता येत नाही. तो फक्त कार्ड देणाऱ्या बँकेकडे आणि रूपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्डाच्या जाळ्याकडे राहतो. त्यापूर्वी साठवलेले क्रमांकही दुकानांना पुसून टाकावे लागले. दुकानाकडे आता असते ते टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजी दिलेला एक पर्यायी क्रमांक, आणि ओळख पटावी म्हणून दाखवले जाणारे शेवटचे चार आकडे व बँकेचे नाव. हे टोकन त्या एका दुकानापुरतेच चालते. एकच कार्ड पाच ठिकाणी जतन केले असेल तर त्याची पाच वेगळी टोकने असतात, आणि त्यामुळेच एका ठिकाणचे कार्ड काढल्याने उरलेल्या चार ठिकाणी काहीच फरक पडत नाही.

टोकन चोरीला गेले तरी ते दुसरीकडे वापरता येत नाही, मग कार्ड काढण्याची गरजच काय, असा प्रश्न इथे रास्त आहे. धोका टोकनाच्या चोरीपेक्षा आपल्या खात्याच्या सोयीत अधिक आहे. जतन केलेल्या कार्डाने पैसे भरताना अनेक ठिकाणी कार्डामागचा तीन आकडी सीव्हीव्हीही आता विचारला जात नाही. उरतो तो ओटीपी, आणि तो ज्या फोनवर खरेदी चालू असते त्याच फोनवर येतो. फोन घरातल्या मुलाच्या हातात असेल, किंवा त्या दुकानाच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल, तर कार्ड खिशात असूनही खरेदी होऊ शकते. दुसरे कारण आपोआप होणाऱ्या कपातींचे आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे असल्यामुळे पुढे सविस्तर येईल.

बँकेकडची यादी

कार्ड कोणकोणत्या दुकानांकडे टोकनाच्या रूपात जतन आहे याची यादी ग्राहकाला दाखवण्याची आणि त्यातले कोणतेही टोकन रद्द करू देण्याची सोय कार्ड देणाऱ्या बँकेने केली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेच्या ७ सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकात म्हटले आहे. ही सोय मोबाइल ॲप, नेट बँकिंग, फोनवरची स्वयंचलित सेवा किंवा शाखा यांपैकी एका वा अधिक मार्गांनी देता येते. नागरी किंवा जिल्हा सहकारी बँकेत खाते असेल आणि तिच्या ॲपमध्ये हा पर्याय सापडत नसेल, तर शाखेत विचारावे. आपल्याकडे 'एटीएम कार्ड' म्हणूनच ओळखले जाणारे रूपे डेबिट कार्ड ऑनलाइन खरेदीला चालत असेल, तर तेही टोकनाच्या रूपात जतन झालेले असू शकते.

ॲपमध्ये हा पर्याय बहुधा कार्डांच्या विभागात असतो. आपले डेबिट कार्ड निवडल्यावर 'मॅनेज कार्ड' किंवा 'कार्ड सर्व्हिसेस'च्या आत 'टोकनायझेशन', 'टोकन मॅनेजमेंट' अशा नावाने तो दिसतो. प्रत्येक बँकेने त्याला वेगळे नाव दिले आहे आणि काहींनी तो इतक्या आत ठेवला आहे की तो सापडू नये अशीच इच्छा असावी. यादी उघडली की दुकानाचे नाव आणि टोकन चालू आहे की बंद, हे दिसते. काही नावे मात्र ओळखीची वाटत नाहीत, कारण तिथे दुकानाच्या ऐवजी ते चालवणाऱ्या कंपनीचे नाव असू शकते. नाटकाची तिकिटे आपण बुकमायशोवर काढतो, पण ती सेवा चालवणारी कंपनी बिगट्री एंटरटेनमेंट या नावाची आहे. हे ठाऊक नसलेल्या माणसाला यादीत ते नाव दिसले तर फसवणूक झाल्याची शंका यायची. तेव्हा अनोळखी नाव दिसताच घाबरून न जाता आधी ते इंटरनेटवर शोधावे, जुने खाते-उतारे चाळावेत आणि मगच निष्कर्ष काढावा.

यादी सापडली की तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण पुढची सगळी कामे तिच्याच आधारे करायची आहेत. लगेच इथूनच सगळी टोकने रद्द करण्याचा मोह होतो, पण तो थोडा आवरावा. कोणत्या दुकानाकडे कपातीची परवानगी दिलेली आहे आणि कोठे एखादी ऑर्डर अर्धवट आहे, हे आधी तपासलेले बरे.

आपोआप होणाऱ्या कपाती आधी थांबवाव्यात

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका मनोरंजन सेवेची वर्गणी मी हौसेने घेतली, दोन महिन्यांत कंटाळलो, ॲप फोनमधून काढून टाकले आणि विषय संपला असे समजलो. पुढच्या वर्षी वर्गणीची रक्कम उद्या कापली जाणार असल्याचा बँकेचा संदेश आला तेव्हा लक्षात आले की फोनमधून गेले ते फक्त चित्र होते. त्या सेवेकडचे माझे खाते, त्यातले कार्ड आणि कपातीची परवानगी हे तिन्ही जागच्या जागी होते. ॲप काढणे, खात्यातून बाहेर पडणे किंवा जुना फोन विकून टाकणे यांपैकी कशानेही जतन केलेले कार्ड निघत नाही, कारण ते फोनमध्ये नसतेच.

अशा ठरावीक मुदतीने होणाऱ्या कपातीच्या परवानगीला बँकांच्या भाषेत ई-मँडेट म्हणतात. काही ठिकाणी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा नुसते 'एसआय' असेही लिहिलेले असते. कार्डावरच्या अशा कपातींसाठी रिझर्व्ह बँकेची चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू आहे. परवानगी देताना आणि पहिल्या व्यवहाराच्या वेळी ओटीपी लागतो. त्यानंतरच्या १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातींना तो लागत नाही, आणि विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची गुंतवणूक व क्रेडिट कार्डाचे बिल यांच्यासाठी ही मर्यादा डिसेंबर २०२३ पासून १ लाख रुपये आहे. ओटीपीशिवाय पैसे जाऊ शकतात, म्हणूनच विसरलेल्या कार्डापेक्षा विसरलेले मँडेट जास्त महागात पडते. याच चौकटीत ग्राहकासाठी एक चांगली तरतूदही आहे. प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने दुकानाचे नाव, रक्कम आणि तारीख कळवायची असते, आणि ती एक कपात किंवा संपूर्ण मँडेट नाकारण्याची संधी द्यायची असते. मला वाचवले ते याच संदेशाने. असे संदेश जाहिरातींच्या ढिगात हरवतात, तेव्हा बँकेच्या नावाने येणारे संदेश फोनवर वेगळे दिसतील अशी व्यवस्था करून घ्यावी.

मँडेट दोन्ही बाजूंनी बंद करावे, असे माझे मत आहे. आधी त्या सेवेच्या खात्यात जाऊन वर्गणी रद्द करावी आणि रद्द झाल्याची ईमेल जपून ठेवावी. त्यानंतर बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेटच्या विभागात जाऊन तिथली नोंद बंद करावी. अनेक बँका या कामासाठी बिलडेस्क या पैसे भरण्याची सेवा देणाऱ्या कंपनीचे 'एसआय हब' हे संकेतस्थळ वापरतात. तिथे जायचे झाल्यास शोधयंत्रातून न जाता आपल्या बँकेच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरून जावे, कारण तिथे कार्डाचा क्रमांक भरावा लागतो. केवळ बँकेकडचे मँडेट बंद केले आणि सेवेकडची वर्गणी तशीच ठेवली, तर ती सेवा आपल्याकडे थकबाकी दाखवत राहू शकते. विम्याच्या हप्त्याबाबत तर फारच सावध राहावे. हप्ता भरण्याचा दुसरा मार्ग नक्की झाल्याशिवाय तिथले मँडेट बंद करू नये, नाहीतर मुदत टळून पॉलिसी बंद पडायची.

ॲपमधून कार्ड काढणे

आता मुख्य काम, आणि खरे तर हेच सगळ्यांत सोपे आहे. दुकानाच्या ॲपमध्ये आपल्या नावावर किंवा चित्रावर टिचकी मारली की खात्याचा विभाग उघडतो. त्यात 'पेमेंट्स', 'पेमेंट मेथड्स', 'सेव्ह्ड कार्ड्स' किंवा 'वॉलेट' यांपैकी एखादे नाव असते. कार्डाचे शेवटचे चार आकडे जुळवून पाहावेत, कारण एकाच बँकेची दोन कार्डे असली तर चुकीचे कार्ड निघण्याची शक्यता असते. मग कार्डावर किंवा त्याच्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारून 'रिमूव्ह' किंवा 'डिलीट' निवडावे आणि खात्रीचा प्रश्न आला की होकार द्यावा. ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर 'युवर पेमेंट्स' या भागात कार्ड निवडून 'एडिट' केल्यावर ते काढण्याचा पर्याय येतो. गूगल प्लेमध्ये आपल्या चित्रावरून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', तिथून 'पेमेंट मेथड्स' आणि 'मोअर पेमेंट सेटिंग्ज' असा प्रवास करावा लागतो. शेवटी ब्राउझरमध्ये एक पान उघडते आणि 'रिमूव्ह' तिथे असते. फोनवरच्या ॲपमध्ये पर्याय सापडला नाही तर तीच सेवा संगणकावर उघडून पाहावी, कारण पुष्कळदा तिथे तो ठळक असतो.

कधीकधी कार्ड निघत नाही. ते मुख्य कार्ड म्हणून नेमलेले असेल तर आधी दुसरा मार्ग, म्हणजे दुसरे कार्ड किंवा यूपीआय, मुख्य म्हणून निवडावा लागतो. एखादी वर्गणी चालू असेल किंवा एखादा व्यवहार पूर्ण व्हायचा असेल, तरीही कार्ड अडवून धरले जाते. अशा वेळी मदतकेंद्राला पत्र लिहिण्याआधी खात्यातल्या ऑर्डरी आणि वर्गण्या पाहाव्यात. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते.

परतावा येणे बाकी असताना कार्ड काढले तर पैसे बुडतील का, अशी भीती अनेकांना वाटते. परतावा मूळ व्यवहाराच्या आधारे आणि डेबिट कार्डाच्या बाबतीत त्या कार्डाशी जोडलेल्या बँक खात्यात येतो, त्यामुळे दुकानाच्या यादीतून कार्ड गेले म्हणून तो अडत नाही. तरीही वाद उद्भवल्यास हाताशी पुरावा असावा म्हणून, परतावा जमा होईपर्यंत कार्ड राहू द्यावे किंवा निदान व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवावा. बँक खातेच बंद करायचे असेल तर मात्र परतावा जमा होईपर्यंत थांबलेच पाहिजे.

दुकानाकडचे कार्ड काढून झाले की पुन्हा बँकेच्या यादीकडे यावे. तिथून ते नाव गेले असेल तर उत्तम, आणि अजून 'चालू' दिसत असेल तर आता बेधडक तिथूनही रद्द करावे. नेमके उलटही घडू शकते. बँकेकडून टोकन रद्द झाले तरी दुकानाच्या पडद्यावर शेवटचे चार आकडे काही काळ रेंगाळतात. त्या कार्डाने पैसे भरू गेल्यास व्यवहार होत नाही, एवढेच.

ज्या जागा नजरेतून सुटतात

पहिली जागा ब्राउझरची. क्रोमसारखा ब्राउझर कार्डाचा क्रमांक लक्षात ठेवू का, असे स्वतंत्रपणे विचारतो आणि तिथे जतन झालेल्या कार्डाचा दुकानाशी काहीही संबंध नसतो. सेटिंग्जमध्ये 'पेमेंट मेथड्स' उघडून ते काढावे लागते. कार्यालयातल्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर कधी खरेदी केली असेल, तर ही तपासणी सर्वांत आधी करावी.

दुसरी जागा यूपीआयची, आणि इथे गैरसमज फार आहे. फोनपे, गूगल पे यांसारख्या ॲपमध्ये खाते जोडताना आपण डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख भरतो, ती यूपीआय पिन ठरवण्यापुरती असते. तिथे जोडले जाते ते बँक खाते. त्यामुळे त्याच ॲपमध्ये वेगळे जतन केलेले डेबिट कार्ड काढले तरी यूपीआय चालूच राहते, आणि यूपीआय बंद करायचे असेल तर बँक खाते वेगळे काढावे लागते. यूपीआयवरून दिलेल्या आपोआप कपातीच्या परवानग्याही कार्डाच्या मँडेटपेक्षा वेगळ्या असतात. त्या त्याच ॲपच्या 'ऑटोपे' विभागात पाहाव्यात.

तिसरी जागा परदेशी सेवांची. भाषांतर, रेखाटन किंवा संगणक-प्रणालीची कामे करणारी आपल्याकडची अनेक मंडळी परदेशातल्या ग्राहकांकडून पेपालवर पैसे घेतात आणि तिथे कार्डही जोडून ठेवतात. पेपालने भारतातली देशांतर्गत सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली असली, तरी परदेशी व्यवहार चालू आहेत. तिथले कार्ड काढण्यासाठी खात्यातल्या 'वॉलेट'मध्ये जाऊन कार्ड निवडावे आणि 'रिमूव्ह' करावे. त्याआधी सेटिंग्जच्या 'पेमेंट्स' विभागात 'ऑटोमॅटिक पेमेंट्स' पाहून, त्या कार्डावर कोणाला परवानगी दिलेली असल्यास ती रद्द करावी. टोकनाचा जो नियम वर सांगितला तो देशांतर्गत व्यवहारांचा आहे, आणि परदेशी दुकानांचे व्यवहार अनेकदा ओटीपीशिवायही होतात. म्हणून परदेशी सेवेवरून कार्ड काढल्यावर बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापरही बंद करावा. कार्डाचा ऑनलाइन वापर, आंतरराष्ट्रीय वापर आणि प्रत्येकाची मर्यादा ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता येण्याची सोय १ ऑक्टोबर २०२० पासून आहे आणि ती वापरणारे लोक मला फार थोडे भेटले आहेत. परदेशात राहणाऱ्यांनी इथल्या एनआरओ खात्याचे, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या खात्याचे, कार्ड काढायला घेताना ओटीपी कोणत्या फोनवर येतो, हे आधी पाहावे. तो क्रमांक पुण्या-नाशकातल्या घरी असलेल्या फोनचा असेल, तर घरचे माणूस जागे असण्याची वेळ साधावी लागते.

कार्ड हरवले असेल किंवा अनोळखी कपात दिसली असेल, तर वरचे सगळे बाजूला ठेवून आधी कार्ड बंद करावे आणि बँकेला कळवावे. पैसे फसवणुकीने गेले असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदतक्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. आपली किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे असा व्यवहार झाला आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तो कळवला, तर ग्राहकावर त्याचा भार पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ पासूनचा नियम आहे. बंद केलेल्या कार्डाऐवजी नवे कार्ड आल्यावर ते जुन्या दुकानांशी जोडायचे का, हे बँकेने ग्राहकाला स्पष्टपणे विचारायचे असते. त्या वेळी सरसकट होकार देऊ नये. नको असलेली दुकाने गाळण्याची ही आयतीच संधी असते.

एक इशारा मात्र इथे दिलाच पाहिजे. कार्ड निघत नाही म्हणून शोधयंत्रात त्या सेवेचा 'कस्टमर केअर नंबर' शोधू नये, कारण तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांक सापडतात. पलीकडचा माणूस आपुलकीने बोलतो, फोनचा पडदा दाखवणारे ॲप उतरवून घ्यायला सांगतो आणि कार्ड काढण्यासाठी ओटीपी मागतो. दुकानाच्या यादीतून कार्ड काढायला सहसा ओटीपी लागतच नाही. बँकेच्या ॲपमध्ये मँडेट रद्द करताना तो लागतो, पण तो आपण स्वतः त्या पडद्यावर भरायचा असतो, फोनवर कोणाला वाचून दाखवायचा नसतो. ओटीपीच्या संदेशात तो कशासाठी आहे हे लिहिलेले असते. 'इतक्या रुपयांच्या खरेदीसाठी' असे शब्द दिसले तर तिथेच थांबावे.

बँक टोकनांची यादी दाखवत नसेल, किंवा मँडेट रद्द करूनही रक्कम कापली गेली असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार दाखल करता येते. तिथे बँकेकडच्या तक्रारीचा तपशील आणि कागदपत्रे जोडता येतात. सुरुवातीला काढून ठेवलेला यादीचा स्क्रीनशॉट आणि वर्गणी रद्द झाल्याची ईमेल त्या वेळी उपयोगी पडतात.